हसले की ते बाहेर येतं

९ जानेवारी १९५६, सोमवार

आले बाई चाकणला. यष्टीतून उतरले तर आधी कांद्याचा वास आला, मग गाव दिसलं. गोजाबाईनं तिच्या घराला लागून खोली दिलीय. लांबची मावसबहीण, पन बोलती सासूवानी. चुलीपाशी बसून लई हसलो दोघी.

काम दवाखान्यात. झाडायचं, विहिरीचं पानी भरायचं, सुया उकळायच्या. आन बाईमानूस तपासायचं आसंल तवा पडद्याआड तिच्याजवळ हुबं ऱ्हायचं, म्हंजी तिला लाज वाटू नये. डाक्तर पुण्याचा. मला लेक आसता तर येवढाच आसता. मी इचारलं, आईनं धाडलंच कसं तुमाला इतक्या लांब? कान लाल झाले बिचाऱ्याचे. करमंल इथं.

१३ जानेवारी, शुक्रवार

कांद्याच्या बाजारातले हमाल येत्यात. दुखतं कुठं म्हनलं की गप. पोती उचलून उचलून आतडं पोटाच्या भिंतीतनं खाली सरकतं. आमी अंतर्गळ म्हनतो, डाक्तर हर्निया म्हनतो. खोकायला लावतो आन बोट धरून बघतो, आतनं धक्का बसतो का.

आज बायांना समजावून सांगत हुता. गडीमानसाचं जांघेतनं पार खाली उतरतं. तान्ह्याचं बेंबीतनं फुगतं, ते बहुतेक आपसूक बसतं. कुनाचं जुन्या आपरेशनच्या टाक्यांच्या वनातनं. आन बायकांचं कधी जांघेच्या घडीखाली, मांडीच्या मुळाशी, सुपारीयेवढं. तेच लई दगाबाज, म्हनला. बारीक दिसतं आन लवकर अडकतं. निजल्यावर आत गेलं तर सवड हाय. टणक झालं, आत जाईना, वांत्या लागल्या, वारा सरंना, तर त्याच घडीला पुण्याला न्यायचं.

गेनबा हमाल तपासून भाईर आला, एक हात धोतराच्या सोग्यात. मी म्हनलं, काय गेनबा, कांदा चोरून नेता व्हय? सगळी पडवी हसली. गेनबापन हसला. माझ्याकडं बघितलं मातर न्हाई.

२४ जानेवारी, मंगळवार

विहिरीवर गोजाबाई सावकाराच्या सुनेची नक्कल करत हुती. मी हसता हसता वाकले, आन डाव्या जांघेखाली काहीतरी टचकन भाईर आलं. वाटलं लुगड्याची गाठ. हात लावला. गाठ न्हवं. मऊ, गरम, सुपारीयेवढी.

घरी येऊन आडवी झाले. बोटाखाली गुरगुरलं आन आत गेलं. जसं काय बिळात.

२ फेब्रुवारी, गुरुवार

घागर उचलली की येतं. शिंकले की येतं. हसले की तर येतंच. दार लावून मी बोट धरलं आन खोकले. आतनं धक्का दिला त्यानं. दारावर कुनी थाप मारावी तसा.

डाक्तरला सांगायचं म्हनून दोनदा तोंड उघडलं. पन कसं? लुगडं सोडा म्हनंल. विधवा बाई मी. आन पडद्याआड बाईजवळ हुबी ऱ्हाते ती मीच. माझ्याजवळ कोन हुबं ऱ्हाईल? गोजाबाईला बोलवावं तर सांजच्याला पानवठ्यावर सगळ्यांना ठावं.

निजल्यावर जातंय. सवड हाय.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

गेनबा पुण्याहून आला. आपरेशन झालं, टाके निघाले, ताठ चालतोय गडी. पडवीत सगळ्यांम्होरं मला म्हनला, कुशाबाई, तुमचा हात का हो सारखा निऱ्यांवर? आता तुमी काय चोरलं?

सगळे हसले. मीपन हसले. हसले म्हनून ते भाईर आलं, तितंच, सगळ्यांम्होरं, लुगड्याच्या आत. मी हात काढला न्हाई. काढता आला न्हाई. खाली बघत घागर घेऊन गेले.

आता कुनाला सांगू? जी ती गेनबाचंच बोलून दाखवंल.

२० फेब्रुवारी, सोमवार

गोजाबाईच्या नातवाची बेंबी फुगलीय. तिनं ढब्बू पैसा ठेवून फडक्यानं आवळली. डाक्तर नको म्हनत हुता, पन तिची आई तशीच करायची, माझीपन.

मीपन केलं. निजून आत ढकललं, वर पैसा, जुन्या लुगड्याची पट्टी, मांडीभवती करकचून. उठले, खोकले. काय न्हाई. नाचावंसं वाटलं मला. ये म्हनलं आता.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

आलं. पैशाच्या बाजूनं, पट्टीखालनं. पट्टी सोडली तरी आत जाईना. निजले. उशी कमरेखाली घेतली. न्हाई जात.

मऊ ऱ्हायलं न्हाई. गारगोटीवानी.

२२ फेब्रुवारी, बुधवार

दोनदा वांती झाली दवाखान्यातच. डाक्तरनं बसवलं. काय खाल्लं इचारलं. शिळं कालवन म्हनले. पोट साफ हाय का म्हनला. व्हय म्हनले. मग हळूच, मान खाली घालून — कुठं गाठबीठ तर न्हाई ना, मावशी?

मावशी म्हनला. कान लाल त्याचे.

मी म्हनले गाठ हाय की, लुगड्याच्या पदराला, तुमच्या लग्नात सोडीन. तो हसला. औषध दिलं. घरी आले आन कडी लावली.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

पानी ठरत न्हाई. पोट नगाऱ्यावानी. वारा न्हाई — कालपासनं न्हाई. वरची कातडी लाल, आता निळी. आतनं धक्का देत न्हाई आता. खोकले तरी न्हाई. गप बसलंय. ते गप बसलंय याचीच —

समदं ठावं हाय मला. पाठ हाय. त्याच घडीला पुण्याला —

दुपार

गोजाबाई दार वाजवती, कामाला का आली न्हाईस म्हनती. डाक्तर बी हाय, त्याच्या बुटांचा आवाज. आणिक कुनी कुनी. गेनबा बोलला, बैल जुपून आनलेत म्हनून. सगळे — सगळ्यांम्होरं —

मी आतनं म्हनले बरं हाय मला, जावा. तोंडातनं निघालंच तसं. गोजाबाई म्हनली, बरं हाय म्हनती. बुटं लांब चालली —

न्हाई. हाक मारते. हाक मारवत न्हाई, तोंडात हिरवं कडू — ढब्बू पैसा फेकते दारावर, वाजंल. आन आले की सांगीन, लाजनार न्हाई, लुगडं सोडून दावीन, हितं बघा डाक्तर, जांघेच्या खाली, हितं —

वाजला पैसा. बुटं थांबली. कडी माझ्याच हातची, उठले तर पोचंल हात — उठते — थांबा म्हनावं, डाक्तर, गेनबा, जरा —