अर्धी नागीण

अर्जुनी, ता. ९ डिसेंबर १९३८

चिरंजीव भोजराज यास ईश्वरदासाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र पावले. तुझ्या डाव्या कुशीवर नागीण उठल्याचे वृत्त वाचून प्रथम दुःख झाले आणि तदनंतर किंचित अपमान वाटला. आपल्या कुळात ही व्याधी वार्धक्याचे भूषण समजली जाते. आजोबांस ती एकाहत्तराव्या वर्षी आली, बाबांस चौसष्टाव्या. त्या परंपरेने पुढील अधिकार ज्येष्ठ पुत्राचा, म्हणजे या पंचेचाळीस वर्षांच्या शाळामास्तराचा, आणि तोही अजून एकोणीस वर्षांनी. तू तेहतिसाव्या वर्षीच ती पटकावून ज्येष्ठताक्रमाचे उघड उल्लंघन केले आहेस. याबद्दल तुझा जाहीर निषेध.

सौ. प्रेमिला या दुखण्याचा संबंध कार्तिकातल्या सर्पाशी जोडते, असे तू लिहितोस. तिला माझ्या वतीने सांग की सर्पाला टपाल पाठवता येत नाही. शेत दुभागणारा वाटणीचा नवा मातीचा धुरा आपण घातला, त्याच दिवशी दुपारी तो नाग धुऱ्यावर आला, तू फावडे हाणलेस आणि त्याचे दोन खंड झाले. शेपटीकडचा तुझ्या धानाच्या बांधीत पडला, तोंडाकडचा माझ्या. तेव्हा मी न्यायाधीशाच्या थाटात निकाल दिला की ज्याच्या हद्दीत जे पडले त्याची विल्हेवाट त्याने लावावी. वाटणीच्या त्या कडवट दिवसात तेवढ्याच एका वाक्यावर आपण दोघे हसलो होतो, हे मला स्मरते.

आजोबांच्या नागिणीचे तोंड शेपटीस मिळाले आणि ते पाचव्या दिवशी गेले, ही आईची कथा तुला तोंडपाठ आहे. ती विसर. येथील दवाखान्याचे डॉक्टर म्हणतात की नागीण मागे कणा आणि पुढे बेंबी ओलांडत नाही. चैतराम कुंभाराचा गेरूचा लेप मात्र चालू ठेव. शास्त्र आणि चैतराम या दोहोंस एकदम नाराज करण्याइतके आपण थोर नाही.

माझी ममता आहेच. वेदनेच्या भरात तिचा विसर पडू देऊ नये.

तुझा
ईश्वरदास


चिचटोला, ता. १३ डिसेंबर १९३८

तीर्थरूप दादांचे चरणी भोजराजचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र वाचून हसलो, आणि हसलो म्हणून जास्त दुखले. दादा, सदरा अंगाला लागला तरी विस्तव ठेवल्यासारखे होते. कापलेल्या धानाचे पुंजणे मळणीवाचून खळ्यात तसेच उभे आहेत. मी ओसरीत उजव्या कुशीवर पडून त्यांच्याकडे पाहत राहतो.

चैतरामबुवा रोज सकाळी येतात आणि सुतळीने मोजतात. काल त्यांनी मोजणे मधेच थांबवले. ते म्हणाले की चाळीस वर्षे झाली नागिणीले लेप लावून राहिलो, पण अशी पाहिली नाही. बेंबीजवळ ती शेपटीसारखी निमुळती आहे. मागे जाता जाता जाड होते, आणि पाठीच्या मणक्याशी एकदम सपाट तुटते, फावड्याने तोडल्यासारखी. तोंडच नाही. मग ते विचारत होते की बाबू, तू एखादा साप मारला काय. मी सांगितले. त्यांनी विचारले की जाळला काय. मी म्हणालो, माझा अर्धा मी धुऱ्याच्या पायथ्याशी पुरला. त्यांनी सुतळी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले की अर्ध्याले माती देत नसतात, पुऱ्याले आग देत असतात, इतके तुम्हा शिकलेल्यांले कोणी सांगितले नाही काय.

दादा, आपण हे चुकलोच. बाबा असते तर त्यांनी दोन्ही तुकडे एकत्र करून, तूप घालून जाळायला लावले असते. वाटणीच्या रागात आपण सापही वाटून घेतला.

एक विचारतो, रागावू नका. तुमच्याकडचा अर्धा तुम्ही काय केला? चैतरामबुवा रोज हेच विचारतात. मला सांगता येत नाही.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच ठेवावी.

आपला लहान भाऊ
भोजराज


अर्जुनी, ता. १७ डिसेंबर १९३८

चिरंजीव भोजराज यास अनेक आशीर्वाद वि. वि.

प्रश्न सरळ विचारलास, म्हणून उत्तरही अलंकाररहित देतो. तुझा अर्धा तू पुरलास. माझा अर्धा मी शाळेत आणला.

मला तो विद्येच्या उपयोगाचा वाटला. त्याच दिवशी तो डब्यात घालून आणला, दवाखान्यातून स्पिरिट मिळवले, रुंद तोंडाच्या बरणीत तो फणाधर ठेवला, बूच लाखेने बंद केले आणि वर कागद डकवला : नाग, पूर्वार्ध. शाळेचा चपराशी नंदलाल याची स्पिरिटावर विशेष भक्ती असल्यामुळे द्रवाची पातळी दाखवणारी एक कागदी पट्टीही बाहेरून चिकटवली. कार्तिकापासून पट्टी आणि पातळी यांत केसभरही अंतर पडलेले नाही. नंदलालच्या चारित्र्याची मी एवढी थट्टा केली होती, ती परत घेतो.

आता एक गोष्ट लिहितो. ती वाचून प्रेमिलाला लगेच सांगू नकोस. बरणीतले तोंड दक्षिणेस, फळ्याकडे असे. मागील आठवड्यात ते उत्तरेच्या खिडकीकडे दिसले. मी बरणी फिरवून ठेवली. दुसऱ्या सकाळी ते पुन्हा उत्तरेस. आणखी एकदा फिरवली, कपाटास कुलूप घातले, किल्ली माझ्या जानव्याला बांधली. सकाळी तोंड उत्तरेसच. अर्जुनीहून गोरेगाव, आणि त्यालगतचे आपले चिचटोला, उत्तरेस आहे, हे भूगोल मीच शिकवत असल्याने मला ठाऊक आहे.

परवापासून माझ्या उजव्या कुशीवर पुरळ उठला आहे. तुझ्या वहिनीने, सुमित्राबाईने, आरसा धरून पाहिले. मणक्याशी सपाट तुटल्यासारखी सुरुवात होते, तेथून ती उजवीकडून पुढे येते, आणि बेंबीपासून चार बोटांवर रुंद होऊन थांबते. तिने तो आकार पाहिला आणि आरसा पालथा ठेवला. डॉक्टर हसून म्हणाले की आपण दोघा भावांनी मिळून हा कट केलेला दिसतो, कारण कार्तिकानंतर आपली भेट नाही आणि हे दुखणे असे लागतही नाही.

बाबांच्या वयापूर्वी एकोणीस वर्षे मला माझा अधिकार प्राप्त झाला. इतक्या त्वरित बढतीची मी अपेक्षा केली नव्हती.

चैतरामास सर्व सांग, आणि तो म्हणेल ते मला कळव. या खेपेस मी हसणार नाही.

तुझाच
ईश्वरदास


चिचटोला, ता. २१ डिसेंबर १९३८

सौभाग्यवती सुमित्राबाई यांना धाकटी जाऊ प्रेमिलाचा नमस्कार वि. वि.

बाई, हे तुम्हाला लिहिते, पण दादाजींनाच वाचायला द्या. यांच्याने आता लेखणी धरवत नाही. ताप उतरत नाही. आठ दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही. शेपटी आता बेंबीच्या पुढे दोन बोटे आली आहे. डॉक्टर म्हणतात ती ओलांडत नाही, तर मग ही कोणाला विचारून ओलांडून राहिली?

दादाजींचे पत्र मी चैतरामबुवांना वाचून दाखवले. ते उठून उभेच राहिले. त्यांचे म्हणणे असे की ही दोन अंगांवरची एकच नागीण आहे. दादाजींच्या पोटावर तोंड, यांच्या पोटावर शेपूट. दोघे भाऊ समोरासमोर येऊन गळ्यात गळा घालतील, तर तोंड शेपटीला मिळेल. तसे होऊ देऊ नका. पण तुटली ती पाठीशी, म्हणून पाठीला पाठ लागली पाहिजे. दोघांनी धुऱ्यावर पाठमोरे बसावे आणि दोन्ही तुकडे एका आगीत द्यावे. तोंड आणल्याशिवाय नुसती शेपूट जाळून उपयोग नाही.

आणखी ते म्हणत होते की ज्या जागी नवा धुरा घातला तेथे तिचे बीळ होते. तिच्या घराच्या मधोमध भिंत घातली, तर ती येईल नाही तर काय करेल.

बाई, वाटणीच्या वेळी मीही तोंडाने कमी बोलले नाही. ते मनात ठेवू नका. दादाजींना पाठवा. पण ओसरीत येताना यांच्याकडे तोंड करू नका म्हणावे.

धाकटीवर माया असू द्या.

तुमची
प्रेमिला


चिचटोला, ता. २५ डिसेंबर १९३८

सौभाग्यवती सुमित्राबाई हीस आशीर्वाद वि. वि.

मी सुखरूप आहे. भोजराजही आहे. हे वाक्य प्रथम लिहिले, म्हणजे पुढील मजकूर तुला धीराने वाचता येईल.

हिरडामाली स्टेशनपर्यंत बरणी मांडीवर, लाल फडक्यात गुंडाळून होती. फडके मी एकदाही सोडले नाही. तेथून बैलगाडीने आलो. ज्या घरात जन्मलो त्याच्या अंगणात मी उलटा चालत शिरलो. समोर सारे गाव उभे होते, आणि एरवी माझ्या तिरकस बोलण्याला हसणाऱ्यांपैकी कोणी हसले नाही. ओसरीतून भोजराजचा आवाज आला की दादा, या. तो आवाज बाबांचा वाटला, इतका म्हातारा. मला वळून पाहावेसे वाटले. वळलो नाही.

काल माध्यान्हीस आम्ही धुऱ्यावर पाठमोरे बसलो. तो तीस पावलेही चालू शकत नसल्याने त्याला खाटेवर आणले होते. चैतरामाने पळसाची लाकडे रचली, तूप ठेवले, आणि भोजराजने दाखवलेली जागा खणली. हातभर खणले, दोन हात खणले. तेथे काही नव्हते. ओली माती होती आणि तिच्यात एक गुळगुळीत वाट, धुऱ्याच्या खालून माझ्या बांधीकडे गेलेली.

मग मी फडके सोडले. लाखेची मोहोर जशीच्या तशी होती. बूच जागेवर होते. स्पिरिट पट्टीइतकेच, स्वच्छ. आत काही नव्हते.

सुमित्रे, तू माझा स्वभाव जाणतेस. अशा प्रसंगी सुचावे असे संस्कृत वचन मी शोधले, आणि आयुष्यात प्रथमच मला एकही आठवले नाही.

चैतराम चकित झाला नाही. म्हणाला की ती आपापली येऊन गेली असेल, आपण आग देऊ. त्याने रिकामी चिता पेटवली. तूप पडले आणि धूर माझ्या अंगावर आला. त्या धुराला मांस जळल्याचा वास होता. आणि त्याच क्षणी, जेथे आमच्या पाठी एकमेकींस टेकल्या होत्या तेथे, काहीतरी थंड सरकून गेले. भोजराज म्हणतो की ते त्याच्याकडून माझ्याकडे गेले. मी शपथेवर सांगतो की ते माझ्याकडून त्याच्याकडे गेले. या मतभेदावर निर्णय देण्याचे मी टाळले आहे. माझ्या निकालांचे परिणाम चांगले होत नाहीत.

थोड्या वेळाने त्याचे सारे ओझे माझ्या पाठीवर आले. मी घाबरून त्याला हाक मारली. प्रेमिला हलक्या आवाजात म्हणाली की दादाजी, हलू नका, झोपले ते. अकरा दिवसांनंतरची ती पहिली झोप. मी दिवस मावळेपर्यंत तसाच बसलो. माझ्या कुशीत विस्तव होता, पाय बधिर झाले होते, आणि माझ्या पाठच्या भावाचा श्वास मला माझ्याच बरगड्यांत ऐकू येत होता.

आठ दिवसांनी येतो. काळजी करू नये, हे लिहिण्याचा अधिकार मला राहिलेला नाही; तरी करू नये.

तुझा
ईश्वरदास


अर्जुनी, ता. १९ जानेवारी १९३९

चिरंजीव भोजराज यास अनेक आशीर्वाद वि. वि.

मळणी आटोपली, खपल्या गळाल्या आणि तू स्वतः गाडी हाकून गोरेगावच्या बाजारास गेलास, या तीनही वार्ता एका पोस्टकार्डात वाचून सुमित्राबाईने देवापुढे साखर ठेवली. माझीही नागीण उतरली. उजव्या कुशीवर तिचा पांढरट माग राहिला आहे, मणक्याशी सपाट तुटलेला. तुझाही तसाच असेल.

धुऱ्याच्या मधोमध तू चार हात खिंडार ठेवलेस हे योग्य केलेस. लोक विचारतील तर पाण्यासाठी ठेवले असे सांग. तेही खोटे नाही.

आता बरणीविषयी. ती मी परत कपाटात ठेवली आहे. पाण्यातून वस्तू बाहेर काढली की पातळी खाली उतरते, हे मी चौथीस दरवर्षी लोटा आणि दगड घेऊन दाखवतो. बरणी रिकामी आहे. तुम्ही सर्वांनी पाहिली, मी रोज पाहतो. स्पिरिटाची पातळी अजून पट्टीवरच आहे. कार्तिकात होती तेथेच, केसभरही खाली नाही. आत जे नाही, त्याने आपली जागा सोडलेली नाही.

निघताना चैतराम मला बाजूस घेऊन म्हणाला की मास्तर, ती गेली नाही, फक्त वाट मागायले आली होती. वेळेआधी आली म्हणून फिरली. वेळेवर येईल तेव्हा फिरणार नाही. मी हिशेब केला. बाबांच्या वयाने माझी वेळ एकोणीस वर्षांनी येते. तेव्हा तू बावन्नाचा असशील, आणि ती दोघांवर मिळूनच येणार, म्हणजे पुन्हा ज्येष्ठताक्रम मोडणार. तुझी ती खोड जाणार नाही.

म्हणून एवढे लिहून ठेवतो. त्या वेळी कोण कुठे असेल, कोण कोणावर रुसलेला असेल, ते पाहू नकोस. माझ्या कुशीवर ती उठल्याचे पत्र आले की निघ. अंगणात पाठमोरा शीर. मी ओसरीत पाठ करून बसलेला असेन, जागा सोडून.

तोवर तिचा अर्धा भाग तुझ्याकडे आहे. सांभाळ.

तुझा
ईश्वरदास