बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधील याक

प्रति,
मा. पशुधन वाहतूक परवाना अधिकारी,
सोलापूर.

विषय : करकंब येथे अडकलेल्या याक मादीबाबत माझी आधीची मागणी बदलणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले एकच उत्तर.

महोदय,

१. मी, विरुपाक्ष रेवणसिद्ध हत्तुरे, राहणार करकंब. माझे बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज आहे. कृषी प्रदर्शनात लोकांना दाखवण्यासाठी लाहौलच्या डोंगरातून श्री. छेरिंग यांनी करमो नावाची याक आणली होती. लोकांनी सेल्फी काढले, आणि आमच्या गोचिडांनीही हात धुऊन घेतले. तिला थायलेरिया, म्हणजे गोचीडताप, झाला. उन्हात ती जीभ बाहेर टाकून आडवी पडली. मला बघवेना, म्हणून तिला चार नंबरच्या थंड खोलीत घेतले. तिथे ती उठून उभी राहिली.

२. इंजेक्शनांनी ताप उतरला. पण डॉक्टर अपेक्षा माने सांगतात, की बऱ्या झालेल्या जनावराच्या रक्तातही हे जंतू वर्षानुवर्षे राहतात. आपला नियम असा, की रक्त निर्दोष आल्याशिवाय वर डोंगरात पाठवण्याचा परवाना नाही. म्हणजे परवाना कधीच नाही की. साहेब, तसे तपासायला बसलात तर करकंबच्या बाजारातली निम्मी जनावरे दोषी निघतील, आणि ती टेम्पोतून खुशाल माढ्याला जातात. हे मी मागील अर्जात चढ्या आवाजात लिहिले होते. त्याबद्दल क्षमा मागत नाही.

३. त्यात बेदाण्याचा हंगाम आला. शेतकरी माल घेऊन दारात उभे आहेत. मालाशेजारी जनावर चालणार नाही, अशी अन्न खात्याची नोटीसही आली. बाहेर काढावी तर ऊन, आत ठेवावी तर नोटीस, वर पाठवावी तर आपण. मी पुरता कात्रीत सापडलो आहे.

४. परवा मी वैतागून छेरिंगना म्हणालो, की थंड गाडी ठरवली आहे, परवाना गेला उडत, निघा. ते बराच वेळ तिचे केस विंचरत बसले. मग म्हणाले, "नहीं भैया. ऊपर किसी को यह बुखार नहीं हुआ. बाकी सब मर जाएँगे." थंडीत त्यांच्या भावाचा कळप खालच्या कुरणात उतरतो, तिथे गोचीड असते; ती करमोला चावून मग बाकीच्यांना चावेल. आपल्या उत्तरातही हेच होते. मला ती टोलवाटोलवी वाटली होती.

५. काल ते एकटेच गेले. कुर्डुवाडीला गाडीत बसवून आलो. मला लई वाईट वाटले.

६. तरी परवान्याची मागणी मी मागे घेतो. चार नंबरची खोली बेदाण्यासाठी नसून याकसाठी आहे अशी नोंद करून, करमोला हयातभर इथे ठेवण्याची लेखी परवानगी मिळावी. निर्णय लवकर व्हावा. जाताना छेरिंगनी तिला हाक कशी मारायची ते शिकवले. सकाळपासून मी तशी हाक मारतो आहे. ती माझ्याकडे येत नाही, दाराशी जाऊन उभी राहते, आणि ते दार मला उघडता येत नाही.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्र,
(सही)
विरुपाक्ष रेवणसिद्ध हत्तुरे
करकंब, ता. पंढरपूर
दि. ११ एप्रिल २०२५

सोबत : रक्ततपासणी अहवाल, श्री. छेरिंग यांचे हिंदीतील संमतीपत्र.