न नांगरलेला तुकडा

वापी, ६ एप्रिल २०२५

ती. दीपमाला अक्का हिस,
धम्मपालचा सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर आपलं भांडण होतं आणि मग आई जेवत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. अक्षराला हसू नको, सातवीत शाळा सोडलेल्या हाताचं आहे.

इथं रंगाच्या कंपनीत आहे. अंघोळीचं पाणी निळं वाहतं. आधी पुण्यात कंटाळलो, मग सुरतेत, आता इथं. तू म्हणशील याच्या पायाला भिंगरी. खरं आहे, पण भिंगरीही दमते गं.

हिलाल आप्पा सरपंचांचा निरोप आला. तळ्याकाठच्या, हायवेलगतच्या गायरानावर ग्रामपंचायत गाळे काढणार, एक मला देणार. पंक्चरचं दुकान टाकीन, आईच्या हातची कळण्याची भाकर खाईन, कुठंच जाणार नाही. एक मेच्या ग्रामसभेत गाव काय म्हणतं त्यावर सगळं आहे. तू आणि आई माझ्या बाजूनं राहा. तुझ्या त्या बगळ्यांचं काय, जातील दुसऱ्या तळ्यावर.

रागावलीस तरी माया कमी करू नको.

तुझा धाकटा,
धम्मा


गावाहून, १५ एप्रिल

चि. धम्मास,
आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मिळालं. आई म्हणाली, कागदावरून कोंबडी चालत गेलीय. तरी दोनदा वाचून घेतलं. कालच्या जयंतीच्या मिरवणुकीत सगळे तुझं विचारत होते.

ते बगळे नाहीत रे, शेकाटे. लांब लाल पायांचे. माझे पाय चालत नाहीत म्हणून मला लांब पायांचं वेड, असं बेबाबाई चिडवते. तुला तळं माहीत आहे. तीन बाजूंना उंच बांध. धुळ्याहून पक्षी बघणारी मंडळी यायची, ती बांधावर चढायची, आणि मी खाली तीनचाकी सायकलीत त्यांच्या पाठी बघत बसायची. मग कळलं, गायरानाकडून जमीन सपाट आहे, सायकल थेट पाण्यापर्यंत जाते. आता बेबाबाई शेळ्या सोडून तिथंच बसते, शाळेची पोरं येतात, म्हातारे येतात. धुळेकरही बांध उतरून आमच्यात येतात. दुर्बीण हातोहात फिरते.

गाळे झाले तर पक्षी जातील दुसऱ्या तळ्यावर. मी कुठं जाऊ?

गाव अर्धं इकडं, अर्धं तिकडं. सभेत पहिला प्रश्न हाच, की गायरान मोकळं कोणाला हवं, त्यांनी हात वर करा. आई म्हणते, पोराच्या दुकानावर पाणी सोडायला हात कसा उचलू, तो सांगेल तरच उचलीन. मी काही तुला गळ घालत नाही. पण लवकर लिही.

उन्हात उपाशी राबू नको, आम्हांला विसरू नको.

तुझी अक्का


वापी, २३ एप्रिल

ती. अक्का हिस, जयभीम.

राग आला होता. पत्र फाडलं नाही, एवढंच. गळ घालत नाही म्हणतेस आणि गळ्यातच अडकवतेस.

कंपनीच्या मागं खडीवर टिटवीनं अंडी घातलीत. आमच्या हातगाड्या तिथूनच जातात. सुपरवायझर म्हणाला, उचलून फेक. मला आबा आठवले. लोकांच्या शेतात नांगर धरायचे, टिटवीची अंडी दिसली की बैल वळवायचे, तेवढा तुकडा सोडायचे. मालक ओरडला तर सांगायचे, ती उठली की नांगरून देतो. मी चारी बाजूंनी विटा मांडल्या. शिव्या खाल्ल्या. आता गाडी लांबून वळवावी लागते, जास्त दमायला होतं. माझा ओडिशाचा जोडीदार मला वेडा म्हणतो आणि स्वतःही गाडी वळवतो. टिटवी मात्र माझ्याच डोक्यावर झडप घालते. अगदी तुझ्या गुणाची.

आईला सांग, हात वर कर. दुकानाचं राहू दे. मोठ्या मनानं नाही सांगत, दमून सांगतोय. कधीतरी परत येईन तेव्हा एखादा तुकडा सोडलेला दिसावा, बस.

माया असू दे. आता जरा जास्तच लागेल.

धम्मा


गावाहून, २ मे

चि. धम्मास, आशीर्वाद.

गायरान राहिलं. अगदी थोडक्यात राहिलं. हिलाल आप्पा माझ्याशी बोलत नाहीत, पण गायरानात माझ्या सायकलीच्या वाटेवरचा खड्डा बुजवायला मुरूम टाकायला सांगून गेले.

आईनं दोन्ही हात वर केले. ग्रामसेवक म्हणाले, मावशी, एका माणसाचा एकच हात. आई म्हणाली, एक मना, एक मना पोऱ्याना, तो कामले गयेल शे. सगळी सभा हसली. तुझा हात काही मोजला नाही त्यांनी.

पण आईनं तो खाली घेतला नाही. पाणीपट्टीचा विषय निघाला, गटारीचा निघाला, तरी वरच. आज खांदा धरलाय, म्हणून भाकरी मी थापल्या. जाड झाल्यात.

टिटवी उठली का, ते कळव. आणि आमच्यावर लोभ ठेव, बाळा.

तुझी अक्का