हाताला ठाऊक असलेली दांडी

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते दोनदा उलटसुलट केलं असशील. फोन करायचा धीर होत नाही म्हणून लिहिते आहे. बाबा मजेत आहेत. मनगट बरं झालंय, घड्याळाचे बारीक स्क्रू पुन्हा चिमट्यात धरता येतात आणि शेजारच्यांची बिघडलेली घड्याळं घरी येऊन पडायला लागली आहेत.

आधी माझ्या कामाच्या बातम्या ऐक. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, हे तुला नव्यानं सांगायला नको.

सध्या घरांमध्ये कोपऱ्यांना बंदी आहे. टेबल गोल, आरसा गोल, ओट्याच्या कडासुद्धा गोल. दोन वर्षांपूर्वी ज्यांना तोंड दिसेल इतकी चकचकीत फरशी हवी होती, तीच माणसं आता खरखरीत, मातकट फरशीचे फोटो घेऊन येतात. मी गपचूप मान डोलावते. त्या फरशीवर पाय घसरत नाही, गोल कडेवर कपाळ फुटत नाही, आणि माझं काम फॅशनच्या नावावर परस्पर होऊन जातं. पलंगाखाली मी मंद दिवे लावते, पाय खाली टेकला की आपोआप लागतात. गिऱ्हाईक म्हणतं, "अय्या, हॉटेलसारखं!" सासूबाई अंधारात धडपडू नयेत म्हणून लावलेत, असं सांगितलं असतं तर काढायला लावले असते.

कारण सगळ्यांची एकच अट असते, "दवाखान्यासारखं दिसायला नको." म्हणून मी सगळं लपवते. त्यातच माझं नाव झालंय. आधाराची दांडी मी अशी करून घेते की बघणाऱ्याला ती टॉवेलची वाटावी. आत चार-चार लांब बोल्ट, धडधाकट माणूस लोंबकळला तरी हलणार नाही. वर मात्र पितळेची नाजूक कांडी आणि त्यावर घडी घातलेला नॅपकिन. मासिकात फोटो आला तेव्हा मी तो तुलाही पाठवला होता. तू उत्तर दिलं नाहीस. का देशील?

तर, गेल्या आठवड्यात सगळं-पांढरं बाईंकडे गेले होते. हे नाव मीच ठेवलंय. त्यांना पडद्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळं पांढरं लागतं. त्यांच्या आईसाठी मी न्हाणीघर केलंय. काम कसं झालंय ते विचारायला आत गेले, तर आजीबाई एका हातानं नळ आणि दुसऱ्या हातानं दाराची कडी धरून उभ्या. दांडी हातभर अंतरावर!

"अहो आजी, ती धरा ना!" मी ओरडलेच.

"ती? ती टॉवेलची आहे बाई. माझ्या वजनानं उखडेल. नव्या घरात कशाला नुकसान?"

ताई, मला हसू आलं. त्यांनाही मी हसतच समजावलं. दांडीला लटकूनसुद्धा दाखवलं, त्यावर आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग गाडीत येऊन बसले आणि हसू कुठल्या कुठे गेलं. मला तुझं न्हाणीघर आठवलं.

आता लिहितेच.

बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांना आधाराची दांडी चालली नसती. "मी काय म्हातारा झालो?" म्हणत घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून मी न्हाणीघरात, बेसिनजवळ, बाल्कनीच्या दाराशी, मिळून पाच दांड्या बसवल्या आणि सगळ्या टॉवेलच्या म्हणून खपवल्या. दोन वर्षं बाबा त्या धरून उठले, बसले, वळले. मी दुरून बघायची आणि स्वतःवर खूश व्हायची. मग मे महिन्यात ते तुझ्याकडे आले, अंघोळ करून बाहेर पडताना तुझ्या दांडीला हात घातला, आणि ती बिचारी खरोखरच टॉवेलची निघाली, बाबांसकट खाली आली.

दवाखान्यात मी काय बोलले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. भावोजी औषधं घेऊन उभे होते, नर्स होती, आणि मी म्हणाले, "ज्यांना एक दांडी धड बसवता येत नाही, ते माणूस काय सांभाळणार?" ती दांडी भावोजींनी बसवली होती हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनच मी बोलले. तू बाबांचे कपडे घडी करून पिशवीत भरलेस आणि पिशवी माझ्या हातात दिलीस.

मी सगळं खापर तुझ्यावर फोडलं, ताई. पण टॉवेलच्या दांडीवर भार टाकायची सवय बाबांना कुणी लावली? मी लावली. तुला एका शब्दानं सांगितलं नव्हतं की बाबांना आता आधार लागतो. गुपित राखल्याचा केवढा अभिमान होता मला!

त्या आजीबाईंकडून परतले, त्याच संध्याकाळी बाबांसमोर बसून सगळं कबूल केलं. ते घड्याळावरची मान वर न करता म्हणाले, "अगं, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. टॉवेलच्या दांडीला एवढे जाड बोल्ट कोण लावतं? तुला लपवायची हौस, म्हणून गप्प बसलो."

"मग ताईकडची का धरलीत?"

"मी कुठे धरली? हातच गेला. हाताला काय कळतं, घर कुठल्या मुलीचं आहे ते?"

मी रडायच्या बेतात होते, तर हे महाशय म्हणतात, आता लपवाछपवी बास, मला लाल रंगाची पाहिजे, लांबून दिसली पाहिजे. तर आमच्याकडे आता पाच लालभडक दांड्या आहेत. माझ्या घरात! पाहुण्यांना ते स्वतः नेऊन दाखवतात.

आणखी एक. तू रोज अकरा वाजता, मी कामावर असताना, बाबांना फोन करतेस हे मला ठाऊक आहे. एकदा मी घरीच होते. "कुणाचा होता?" विचारलं तर म्हणाले, "राँग नंबर." चाळीस मिनिटं चालला होता. काल मात्र त्यांनी मला खरं सांगितलं. तू घरातल्या सगळ्या दांड्या काढून टाकल्या आहेस, टॉवेल खुर्चीच्या पाठीवर वाळत घालतेस. आणि त्यांनी तुझ्याकडे येतो म्हटलं की तू म्हणतेस, "नको बाबा, माझ्याकडे नको, पुन्हा काही झालं तर?" हे ऐकून मला जेवण गेलं नाही. बाबांना पूर्वीसारखं महिनाभर तुझ्याकडे राहायचंय. ते मागत नाहीत, पण पिशवी भरून ठेवली आहे.

शनिवारी त्यांना घेऊन येते. ड्रिल मशीन, बोल्ट आणि लाल दांड्या गाडीत आहेत. बसवायचं काम भावोजींनी करावं, मी खालून स्क्रू देईन. नको असेल तर बाबांना दारात सोडून परत जाईन, रागावणार नाही. फक्त त्यांना आत घे.

तुझ्या घरात बाबांना कधीच धोका नव्हता. मी बोलले ते खोटं होतं, आणि चारचौघांत बोलले होते. म्हणून हे पत्र एकटी वाचून कपाटात ठेवू नकोस. भावोजींना समोर बसव आणि मोठ्यानं वाचून दाखव, त्यांच्याबद्दल लिहिलंय तिथे आवाज खाली न आणता.

तुम्हा दोघांची अपराधी,
धाकटी