नात येण्याआधी

रंभा,

समीक्षा दवाखान्यातून बाळाला घेऊन पोचायच्या आत मी वरसेला ताईकडे निघालोय. उजवा डोळा लाल झाला तेव्हा दरवर्षीसारखा भाताच्या झोडणीच्या धुळीला दोष दिला आणि ॲलर्जीचे जुनेच थेंब घातले. काल पेणचे डॉक्टर म्हणाले, "हा हर्पिसचा विषाणू. ॲलर्जीवाल्यांच्या डोळ्यांना जास्त धरतो. तान्ह्या बाळाजवळ अजिबात जायचं नाय." जन्मभर शिंकलो, त्याचं हे बक्षीस.

माझा टॉवेल आणि उशीचा अभ्रा गरम पाण्यात धू. समीक्षाला खरं कारण सांग, नाहीतर म्हणेल, मुलगी झाली म्हणून बाबा पळाले.

बारशाला मी गेटाबाहेरच उभा राहीन. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ना, तिला म्हणावं, जरा ओरडून सांग.