‘उतरून’मधला दीर्घ रू

३ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी काय बोलतो ते सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाते, असे तुझी आई म्हणते. म्हणून हे पत्र.

तू आखलेला सायकलपट्टा सोमवारी सुरू झाला. घरापासून छापखान्यापर्यंत हिरवा रंग. लोक विचारतात, तुमच्या मुलीनेच ना? मी म्हणतो, हो, तिकडे दूर बसून आखते ती. दवाखान्याच्या चौकात मात्र पट्टा तुटतो आणि पाटी लागते : ‘सायकलस्वारांनी येथे उतरुन चालावे.’ सारा जन्म मुद्रिते तपासण्यात घालवलेल्या माणसाच्या मुलीच्या पाटीवर ‘उतरुन’मधला रु ऱ्हस्व! छापखान्यात जुळणीवाला म्हणाला, आता घरचीही मुद्रिते आणत जा. मी सगळी चूक रंगाऱ्यावर ढकलली आहे. खरे काय ते कळव.

रु ऱ्हस्व असला तरी पाटी ती पाटी. मी रोज उतरतो. मागचे पोरगेसे लोक घंट्या वाजवत पुढे जातात. तेथील खांबावर एक कॅमेराही बसवला आहे. तो तुमच्याच कचेरीचा का?

आई ठीक. मीही. पुढचे पत्र शुद्ध यावे, इतकीच अपेक्षा.

तुझे,
बाबा


११ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

रंगाऱ्याला बोल लावू नका. त्याने मजकूर होता तसाच उतरवला. रु माझा.

कॅमेरा आमचाच. त्याचं चित्रण इथे येतं, आवाजाशिवाय. ते पाहून मी तक्ता भरते : किती सायकली गेल्या, किती उलट्या दिशेने, किती पट्ट्याबाहेरून, आणि पाटी पाहून किती जण उतरले. या शेवटच्या रकान्यात आतापर्यंत एकच माणूस आहे. करडा शर्ट, कॅरियरला डबा. खांबापाशी आला की वर बघतो आणि हाताने भांग सारखा करतो. आईला सांगा, भांग व्यवस्थित दिसतो.

गाड्या वळताना थांबतात का? सायकल ढकलत चौक ओलांडायला वेळ पुरतो का? नेमकं लिहा. तुमचं नेहमीचं ‘उत्तम’ हे माप नव्हे.

आईला नमस्कार. लोभ आहे तितका राहू द्या, वाढवायची घाई नाही.

तुमची,
फूटपट्टी


१ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तरास उशीर झाला. पट्टा उत्तम. चौक उत्तम. ‘उत्तम’ हे माप नसेल तर अत्युत्तम लिही.

शर्ट करडा नव्हे, निळा. धुऊन तसा झाला आहे.

सध्या वनस्पतींवरचा एक जाडजूड ग्रंथ तपासतो आहे. प्रत्येक पानावर शेवाळ. तुला तो तक्ता भरायचे काम रोजच असते का? दुसऱ्या कुणाला नाही का देता येत? इतका वेळ पडद्याकडे बघून डोळ्यांना त्रास होतो. तू लहानपणापासून डोळ्यांची हेळसांड करतेस.

बाकी विशेष नाही. जपून राहा.

तुझे,
बाबा

पाकीट डकवायला माझ्याकडे दिलंय म्हणून दोन ओळी घुसवते. हे हल्ली घरून खूप आधी निघतात आणि गोदामांमागच्या खड्ड्यांच्या रस्त्याने जातात. एवढा गुळगुळीत पट्टा सोडून! सायकलचं मागचं मडगार्ड वाकलंय. विचारलं तर म्हणे, छापखान्याच्या भिंतीला घासलं. ती भिंत इतकी वर्षं जागेवर होती, आत्ताच कशी आडवी आली? तू विचार, तुला सांगतील. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हो. — आई


९ मार्च

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचायला देऊ नका.

अठरा फेब्रुवारीचं चित्रण मी पाहिलं आहे. तुम्ही पाटीपाशी उतरलात. न उतरलेले सगळे चौक पार करून गेले. तुम्ही सायकल ढकलत निम्म्यात होतात तेव्हा वळणाऱ्या गाड्यांचा दिवा हिरवा झाला. पांढऱ्या गाडीचा बंपर मडगार्डला लागला, डबा पडला. चालक खाली उतरून हातवारे करत बराच वेळ बोलला. तुम्ही डबा उचललात आणि त्याच्यापुढे हात जोडलेत. तो गाडीत बसायला वळला तेव्हा पुन्हा जोडलेत. त्या दिवशी तुम्ही वर पाहिलं नाहीत. त्यानंतर तुम्ही चित्रणात नाही.

मी लहान असताना घरमालक दारात ओरडत होता, तेव्हाही तुम्ही हात मागे बांधून उभे होतात. तुम्ही कुणापुढे हात जोडलेले मला आठवत नाहीत. मी चित्रण थांबवलं, मागे नेलं, पुन्हा पाहिलं. कुणाच्या बंद खोलीत डोकावल्यासारखं वाटलं. मग तक्त्यात ‘उतरले : एक’ असं लिहिलं, कारण माझं काम तेवढंच आहे.

आता पाटीबद्दल. चौकात रुंदी कमी होती. गाड्यांना वळायला वेगळी रांग हवी, म्हणून पट्टा तोडायचं ठरलं. मी आक्षेप घेतला नाही. पाटीचा मजकूर जेवणाची सुट्टी व्हायच्या आत लिहून मोकळी झाले. अशी पाटी कुणी मानत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. ती सायकलवाल्यांसाठी लावलेलीच नसते. उद्या कुणाला लागलं तर ‘आम्ही सांगितलं होतं’ असं म्हणता यावं, म्हणून लावतात. ती खरी मानणारा एकच माणूस निघाला, आणि त्याने मानली ती मी लिहिली म्हणून. मला तुमच्याशी बोलायला तोंड नाही. बरं झालं, आपण पत्रं लिहितो.

या महिन्याच्या शेवटी आढावा बैठक आहे. आमचे मुख्य अभियंता म्हणतात, अपघात नाही, तक्रार नाही, चौक आहे तसा राहू दे. ते चित्रण दाखवलं तर त्यांना तसं म्हणता येणार नाही. पण खोलीत सात-आठ माणसं असतील आणि ती तुम्हाला तसं पाहतील. चेहरा पुसट करता येतो. तुम्ही नको म्हणालात तर दाखवणार नाही, आणि तो विषय पुन्हा काढणारही नाही.

लोभाबद्दल या वेळी काही मागत नाही.

तुमची,
फूटपट्टी


१६ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाहिले असणार हे ठाऊक होते. त्या दिवशी तुझ्या डोळ्यात काही गेले असेल, पान उलटताना एखादे सुटले असेल, अशी आशाही होती. दुसऱ्या दिवशी त्या खांबाखालून जायची हिंमत झाली नाही. लेकीने बापाला तसे पाहावे आणि बापाने वर बघून भांग सारखा करावा, हे जमेना. म्हणून गोदामांचा रस्ता.

पण तुझ्या वाचनात एक चूक आहे. चित्रणाला आवाज नसल्यामुळे ती झाली. तो गृहस्थ मला विशेष काही बोलला नाही. “आजोबा, लागलं का?” असेही त्याने विचारले. पुढचे सगळे हा पट्टा आखणाऱ्याला होते. कोणत्या गाढवाने हे आखले, त्याला इथे आणून उभा करा, आणि त्यापुढचे छापण्याजोगे नाही. एरवी मला अर्धे ऐकू येत नाही. नेमके हे अक्षर न् अक्षर ऐकू आले. माणूस खोटे बोलत नव्हता. कुणीतरी माफी मागायला हवी होती, आणि तिथे घरचा असा मीच होतो.

चित्रण दाखव. चेहरा पुसू नकोस. चूक जिथे आहे तिथेच मी समासात खूण करतो, कागद झाकून नव्हे. फक्त भांग विस्कटलेला आहे, त्याला आता इलाज नाही.

आईने भिंतीबद्दल लिहिले आहे, ते तिने पाकीट डकवायच्या आधीच मी वाचले होते. तिला कळू देऊ नकोस. तिच्या ओळींत तीन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या.

तुझे,
बाबा


२२ एप्रिल

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी कचेरीत उघडलं. तसं करायला नको होतं. पाणी प्यायला म्हणून उठले आणि बराच वेळ जिन्यात उभी राहिले.

बैठकीत चित्रण दाखवलं. कुणीतरी विचारलं, हा म्हातारा हात का जोडतोय, चूक तर गाडीवाल्याची. मी सांगितलं, ते माझे वडील आहेत आणि ते माझ्या वतीने माफी मागत आहेत. मुख्य अभियंत्यांनी विचारलं, ही पाटी कुणी सुचवली होती? मी म्हटलं, मजकूर माझा, सही तुमची. मग त्यांनी चष्मा पुसला आणि वळणाची रांग काढली तर गाड्या किती खोळंबतील ते विचारलं. उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते जानेवारीतही तयार होतं, फक्त मी तेव्हा दिलं नव्हतं. हे कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

पट्टा आता चौकातून सलग जातो. रंगकाम शुक्रवारी संपेल. सायकलींचा दिवा गाड्यांच्या आधी हिरवा होईल.

पाटी काढायला माणूस पाठवणार होते. मी म्हटलं, मी जाते. सोमवारी सकाळी पाना घेऊन त्या खांबाखाली असेन. गोदामांच्या रस्त्याने जाऊ नका. वर बघू नका, मी खाली असेन. गाड्या भोंगे वाजवतील, त्यांनाही सवय व्हायची आहे. कुणी काही बोललं तर बोलू द्या, या वेळी ऐकायला मी हजर आहे. तुम्ही फक्त उतरू नका.

लोभ तुम्ही न मागता करत आलात, म्हणून मागत नाही.

तुमची,
फूटपट्टी

ता. क. ‘उतरू नका’मधला रू शब्दकोश बघून लिहिला आहे.