दोनशे तीन विरुद्ध दोनशे तीन

सॉल्टपाँड, सेंट अल्डा बेट
गुरुवार, दुपार

तीर्थरूप इआन्थीआत्या हिच्या चरणी भाचा अल्रिक याचा वाकून नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे फार खाली वाकता आलेलं नाही. जमला तेवढा गोड मानून घे.) तुझा खोकला कसा आहे? तिकडे इंग्लंडात, लेस्टरला, अजून ऊन पडलं नसेलच. इकडे सगळे सुखरूप आहोत, सुखरूप म्हणजे अजून कोणी कोणाच्या अंगावर धावून गेलेलं नाही. वर्लिन मजेत आहे. कोंबड्या मजेत आहेत. सरकार मात्र अजून आलेलं नाही, आणि ते का आलं नाही हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र.

निवडणूक होती हे तुला माहीत असेलच, कारण दोन्ही पक्षांनी तुलाही पत्रकं पाठवली असणार. (तुला बेट सोडून एकतीस वर्षं झाली, हे त्यांना मान्य नाही.) विधानसभेच्या जागा नऊ. होडीच्या चिन्हावाल्यांना चार मिळाल्या, पेलिकन पक्ष्याच्या चिन्हावाल्यांना चार, आणि नववी आपली सॉल्टपाँडची. ज्या गावाला बारा वर्षांत कोणी एक धड गटार बांधून दिलं नाही, त्या गावाच्या ओट्यावर सरकार येऊन बसलं. होडीकडून उभा होता माझा मेहुणा डेन्झिल, वर्लिनचा थोरला भाऊ. पेलिकनकडून थिओडोशिया टीचर, ज्यांनी मला, डेन्झिलला, वर्लिनला आणि निम्म्या मतदारयादीला अक्षर गिरवायला शिकवलं. डेन्झिल मनाने वाईट नाही. एकदा बोलायला लागला की त्याला थांबता येत नाही, आणि थांबला की काय बोललो ते आठवत नाही, एवढंच. टीचरांचं उलट. त्या दोन वाक्यं बोलतात आणि ती ऐकणाऱ्याला जन्मभर आठवतात.

आता माझ्या व्हॅनचं सांगतो. गावात भोंगा असलेली गाडी एकच, ती माझी. एरवी मयतीची खबर आणि मासळी आल्याची वर्दी देते. साहजिकच दोन्ही पक्षांनी मलाच धरलं. सकाळी मी होडीचा, चारनंतर पेलिकनचा. सकाळी सांगायचं की पेलिकन बेट गिळून टाकेल, आणि संध्याकाळी त्याच आवाजात सांगायचं की होडीला तळच नाही. लोकांना यात वावगं काही वाटलं नाही. (एकदाच घोटाळा झाला. जेवणानंतर डुलकी लागली, उठल्यावर वेळेचं भान राहिलं नाही, आणि भर बाजारात डेन्झिलच्या शेजारी उभा राहून मी ‘डेन्झिलला पाडा’ असं चार वेळा ओरडलो. तो टाळ्या वाजवत होता. म्हणजे तोही ऐकत नव्हता.)

आवाज दोघांना देता येतो आत्या, मत देता येत नाही, इथे पेच पडला. मतदानाच्या आधीच्या रविवारी डेन्झिल आमच्याकडे जेवायला आला, तुरीच्या दाण्यांचा भात तीनदा घेतला, आणि हात पुसता पुसता म्हणाला, की घरची दोन मतं मी मोजलेलीच आहेत. वर्लिन ताटं उचलून आत गेली. मी मान हलवली. सोमवारी मी नळ दुरुस्त करत होतो तर टीचर कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. विचारलं एवढंच, की अल्रिक, येशील ना मतदानाला? मी पाना खाली ठेवला, पाय जुळवले आणि ‘हो, टीचर’ म्हणालो. वय वर्षं त्रेपन्न. त्या ‘हो’मध्ये त्यांनी काय धरलं हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

मतदानाच्या दिवशी टेकडीवरच्या फिलोमिनाआजीला आणायचं काम माझ्याकडे आलं. शहाण्णव वर्षांची बाई. तिला कोणाच्या गाडीतून आणायचं यावर दोन्ही पक्षांत दोन दिवस खडाजंगी झाली, आणि शेवटी दोघांची मिळून एक अशी माझी व्हॅन ठरली. टोपी निवडण्यात तिने सव्वा तास घेतला. मग पुढच्या सीटवर बसली आणि धरायला काहीतरी हवं म्हणून माइक घट्ट धरला. भोंगा चालू आहे हे मी पाहिलं नाही. टेकडी उतरेपर्यंत ती माझ्याशी गप्पा मारत होती आणि त्या गप्पा अख्खं गाव ऐकत होतं. डेन्झिल लहानपणी तिचे पेरू चोरायचा आणि पकडला की चुलतभावाचं नाव सांगायचा. टीचर चर्चमध्ये गातात ते ऐकून शेळीच्या गळ्याला फास बसल्यासारखं वाटतं. आता मी मत कोणाला देणार सांगू का, असं तिने म्हटलं आणि तेवढ्यात गाडी खड्ड्यात आपटून वायर निघाली. (तो खड्डा बुजवावा म्हणून मी सात वर्षं अर्ज करतोय. आता करणार नाही.) आम्ही चर्चच्या हॉलपाशी पोचलो तेव्हा सगळी रांग उठून टाळ्या वाजवायला लागली. आजीने टोपीला हात लावून मान झुकवली.

आजीला घरी सोडून मी मत द्यायला गेलो तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. पडद्याआड पेन्सील हातात घेतली आणि आत्या, तुला सांगतो, हात चालेना. चक्रीवादळात आपलं छप्पर उडालं, तेव्हा दुसऱ्या दिवशी डेन्झिल स्वतःच्या पाठीवरून पत्रे घेऊन आला होता. आणि पत्रे बसेपर्यंत अकरा दिवस आम्हाला टीचरांनी शाळेच्या वर्गात ठेवून घेतलं, वर्लिनला ताप होता म्हणून स्वतः उशाशी बसल्या. आता यातल्या कोणापुढे फुली मारायची आणि कोणापुढे नाही? बाहेरून निवडणूक अधिकारी गम्ब्जसाहेब दोनदा खाकरले. मी विचार केला, चारशे मतांत एका मताने काय होतंय. आणि दोन्ही नावांच्या मधोमध इंग्रजीत लिहिलं, ‘दोघेही चांगले शेजारी आहेत.’ घडी केली, पेटीत टाकली, आणि इतका हलका झालो की घरी जाऊन खारा मासा आणि पिठाचे तळलेले पाच जॉनीकेक खाल्ले.

त्या रात्री वीज गेली म्हणून मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. डेन्झिल दोनशे तीन, टीचर दोनशे तीन. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग गम्ब्जसाहेबांनी बाद झालेली एकुलती एक चिठ्ठी उचलली, चष्मा पुसला, आणि भरल्या हॉलमध्ये माझं वाक्य वाचून दाखवलं.  मग डेन्झिल उठला आणि असा कोण बिनडोक आहे यावर बराच वेळ बोलला. (मी मान डोलावत होतो. दुसरं काय करणार?) टीचरांनी चिठ्ठी बघायला मागितली. नाकाशी धरून वाचली, परत केली, आणि खाली बसल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यावरूनच मी ओळखलं की आपण मेलो.

आपल्याकडे बरोबरी झाली की सहा आठवड्यांनी पुन्हा मतदान. तोवर ना पंतप्रधान ना मंत्री. गव्हर्नरसाहेबांनी शपथविधीचा केक कापून शाळांना वाटला म्हणतात. डेन्झिलने मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात (म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा) सांगितलं, ‘अल्रिक, आपल्यात कोणीतरी घरभेदी आहे. तो तू शोधून काढायचास. माझा दुसऱ्या कोणावर भरवसा नाही.’ अकरा नावांची यादीही दिली. मी रोज सकाळी व्हॅन घेऊन निघतो आणि अकरा निरपराध माणसांच्या अंगणात बसून त्यांचा चहा पितो. काल पोस्टमन रडायला लागला. तो म्हणाला, मी लिहिलं नाही, पण लिहायला हवं होतं असं वाटतंय. मलाही रडू आलं. आम्ही दोघांनी मिळून एक केळं खाल्लं.

आणि टीचर. परवा त्या पुन्हा कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, ‘शेजारी हा शब्द इंग्रजीत कसा लिहितात, अल्रिक?’ मी एकेक अक्षर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘यू राहिला. तिसरीपासून राहतोय.’ मी खाली बघत उभा राहिलो. मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, की मत गुप्त असतं, माझ्या तोंडून कोणाला कळणार नाही. पुढच्या वेळी निबंध नको, फुली मार. कोणापुढे मारशील ते मी विचारणार नाही. आत्या, त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. छडी मारली असती तर त्याहून बरं. त्या दिवसापासून वर्लिन वाढते तेव्हा तिच्या तोंडाकडे बघवत नाही. भावाच्या हातचं सरकार नवऱ्याने घालवलं हे तिला कळलं तर? पंचवीस वर्षांच्या संसारात तिने मला एकदाही टाकून बोललेलं नाही. ते आता व्हायला नको.

असो. तुझ्या प्रकृतीला जप, चर्चमधल्या मंडळींना नमस्कार सांग. इकडची काळजी करू नकोस.

तुझा आज्ञाधारक,
अल्रिक

ता. क. — तुझ्या घराला रंग लावायचाय असं तू मागे लिहिलं होतंस की मला तसं स्वप्न पडलं? कसंही असलं तरी उलट टपाली एक पत्र पाठव, की रंग लावायला घरचंच माणूस हवं, अल्रिकला ताबडतोब पाठवून द्या. पुन्हा मतदान चोवीस तारखेला आहे. मी वीसला निघून तीसला परत येईन. रंग नसेल लावायचा तर मी नुसता बसून राहीन.

ता. क. दुसरा — आत्या, मी वर्लिन. हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट न चिकटवता. यांना बोलावू नका, फिलोमिनाआजीला पुन्हा आणायचंय आणि ती दुसऱ्या गाडीत बसायला तयार नाही. हॉलमध्ये ती ओळ वाचल्यावर ती कोणाची हे मला कळायला टीचरांसारखं अक्षर ओळखावं लागलं नाही, मी शेजारीच बसले होते आणि यांचे कान लाल झाले होते. राहिली यांना वाटणारी माझी धास्ती. तर यांना मी आज जेवताना सांगणार आहे, तुम्हाला आधी सांगते. मी टीचरांना मत दिलं, आणि चोवीसलाही त्यांनाच देणार. डेन्झिल माझा सख्खा भाऊ आहे. मी जन्मल्यापासून त्याला ओळखते.